इंजिन ठोकू लागण्यापूर्वी



मी इंजिनियर नव्हे. शाळा सातवीत सुटली आणि पुढचे शिक्षण गॅरेजच्या ओट्यावर, मालमोटारीच्या केबिनमध्ये व गावोगावच्या वाचनालयांत झाले. गेली पंचवीस-तीस वर्षे वाहतूक कामगारांची संघटना बांधण्याचे काम करीत आलो आहे. अशा माणसाने पगार, रजा, बोनस यांवर बोलावे. इंजिनाच्या पोटातील बोटभर रुंदीच्या धातूच्या पट्टीवर व्याख्यान कशाला, असे कोणाला वाटेल. पण ड्रायव्हरांच्या ज्या तक्रारी माझ्यापुढे आल्या, त्यांत पगारातून सर्वांत मोठी रक्कम कापू पाहणारी तक्रार बहुधा एकच असे : “इंजिन बसले, आणि ते तुझ्या हातून बसले.” हे खरे की खोटे, याचा पुरावा त्या पट्टीवरच लिहिलेला असतो. तो वाचता यावा म्हणून मी ही विद्या शिकलो. ज्यांच्या दारात मोटार, पिकअप किंवा ट्रॅक्टर उभा आहे, त्यांना तिचा उपयोग याहून सरळ आहे. दुखणे वेळेवर ओळखले तर नव्या बेअरिंगांवर भागते; उशीर झाला तर क्रँकशाफ्टच काय, सारा ब्लॉकही हातचा जातो.

बेअरिंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सायकलच्या चाकातले छर्रे येतात. मोटारीच्या इंजिनात, जेथे खरा भार पडतो तेथे, बहुधा छर्रे नसतात. शिंप्याच्या पायमशीनवर पाय खाली-वर होतो आणि चाक गोल फिरते. तसाच पिस्टन खाली-वर होतो, त्याचा कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला गोल फिरवितो. क्रँकशाफ्ट ब्लॉकमध्ये जेथे टेकतो ती मेन बेअरिंगे, आणि रॉडचे मोठे टोक शाफ्टला जेथे कवटाळते ते बिगएंड बेअरिंग. रुंद बांगडी मधोमध कापली तर जसे दोन तुकडे होतील, तसे हे दोन पातळ शेल असतात. छर्रा नाही, चाक नाही. शाफ्ट आणि शेल यांच्यामध्ये असते ते फक्त तेल.

आता तेलाने एवढा भार कसा तोलावा? याचे उत्तर सापडले ते रेल्वेच्या आसाच्या निमित्ताने. इंग्लंडात बीचम टॉवर नावाचा इंजिनियर १८८३च्या सुमारास आगगाडीच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होता. वरून तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले. तेल आत जाण्याऐवजी त्यातून वर येऊ लागले. त्याने बुचाने भोक बंद केले, बूच उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. मग दाब मोजण्याचे घड्याळ लावले, तर काटा शेवटच्या आकड्यापलीकडे गेला. फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर ओढून निमुळत्या फटीत कोंबतो, आणि त्या कोंबण्यानेच एवढा दाब उत्पन्न होतो की आस तेलावर तरंगतो. १८८६ साली ऑस्बोर्न रेनल्ड्सने याचे गणित मांडले. म्हणजे धडधाकट इंजिनात धातूला धातू लागतच नाही. लागतो तो सुरू होताना आणि बंद होताना, फिरण्याची गती पुरेशी नसते तेव्हा. आणि लागतो तो तेल कमी पडले, पातळ झाले किंवा घाण झाले तर.

या क्षणभराच्या घर्षणासाठी शेलच्या आतल्या बाजूला मऊ धातू दिलेला असतो, म्हणजे झिजायचेच तर स्वस्त शेल झिजावा, महागडा शाफ्ट नव्हे. १८३९ साली आयझॅक बॅबिट या अमेरिकनाने कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा असा मऊ मिश्रधातू काढला. आमच्या जुन्या मिस्त्रींचे ‘व्हाइट मेटल’ ते हेच. पुढे भार वाढला तसे थर आले : पाठीला पोलाद, मध्ये तांबे-शिशाचा थर, आणि सर्वांत वर दोन शतांश मिलिमीटरच्या आसपास जाडीचा मऊ मुलामा. हल्ली ॲल्युमिनियम आणि कथील यांचेही शेल पुष्कळ असतात. शाफ्ट आणि शेल यांच्यामधली फट साधारणपणे शाफ्टच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याएवढी ठेवतात. शाफ्ट ६० मिलिमीटरचा असेल तर फट ०.०६ मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या एका केसाएवढी. सगळी गोष्ट त्या केसाएवढ्या फटीची आहे.

बैलगाडीचा आख वंगण संपले की कुरकुरतो. सारा गाव ऐकतो, गाडीवान उतरून नळ्यातले वंगण लावतो आणि गाडी गप्प होते. लोक इंजिनाकडूनही हीच अपेक्षा करतात, की बिघडेल तेव्हा ओरडेल आणि मग पाहू. इंजिन ओरडते खरे, पण सर्वांत शेवटी. ज्याला आपण ‘ठोका’ म्हणतो तो ऐकू येईपर्यंत वरचा मुलामा गेलेला असतो आणि पुष्कळदा शाफ्टलाही ओरखडे पडलेले असतात. त्याआधी कित्येक दिवस इंजिन जे सांगत असते ते कानाला नव्हे, तेलाच्या काट्याला आणि तेलाच्या रंगाला सांगत असते.

पहिली खूण ऑइल प्रेशरची. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंप दाब देत नाही, पंप तेल ढकलतो. दाब तयार होतो तो बेअरिंगांच्या अरुंद फटी तेलाला अडवितात म्हणून. पाटाचे पाणी दाऱ्यावर अडते आणि फुगते, तसे. फट वाढली की तेल पळून जाते, आणि ते फटीच्या घनाच्या प्रमाणात पळते. ०.०६ची फट ०.०९ झाली, म्हणजे केवळ दीडपट, तर गळती जवळजवळ साडेतीन पटींकडे जाते. म्हणून डोळ्याला न दिसणारी झीज काट्यावर दिसते. पण ती कधी दिसते? थंड इंजिनात तेल घट्ट असते, तेव्हा सर्व काही ठीकच दिसणार. भरधाव वेगात पंप भरपूर तेल ढकलतो, तेव्हाही दिसणार नाही. इंजिन पुरते तापलेले आणि गती अगदी मंद, या एकाच वेळी लबाडी उघडी पडते. पुण्याकडून अवसरी घाटातून गाडी मंचरला आली, स्टँडपाशी उभी राहिली आणि इंजिन नुसते मंद चालू आहे, तेव्हा काटा पाहावा. गॅरेजात ‘किलो’ म्हणतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम दाब. दर हजार फेऱ्यांमागे सुमारे ०.७ किलो हवा, असा मिस्त्रींचा जुना अंदाज आहे. मी मात्र त्या आकड्याहून गाडीच्या स्वतःच्या सवयीला अधिक मानतो. तेच तेल, तीच जागा, तीच गरम अवस्था, आणि पूर्वी दीड किलोवर राहणारा काटा आता एकावर येत असेल, तर तो काही सांगतो आहे. हे वहीत तारखेसह लिहावे. कारण दुसरेही असू शकते : पंप झिजलेला, प्रेशरचा व्हॉल्व्ह अडकलेला, तेलात डिझेल उतरून ते पातळ झालेले. पण कारण शोधायला लागायचे ते त्याच दिवशी.

गाडीत काटा नसून नुसता लाल दिवा असेल तर त्याच्यावर विसंबू नये. बहुतेक गाड्यांत तो दिवा अर्ध्या किलोच्या आसपास दाब उतरल्यावर पेटतो. ती पूर्वसूचना नव्हे, इंजिन तत्काळ बंद करण्याचा हुकूम आहे. मिस्त्रीकडे तात्पुरते घड्याळ असते. दिव्याचा स्विच काढून त्या जागी ते लावले की पाच मिनिटांत खरा दाब कळतो. हे काम करून घेण्यात कंजुषी करणारी माणसे त्याच गाडीला महागडे गादीचे कव्हर मात्र घालतात, हे मी पाहिले आहे.

दुसरी खूण तेलातच असते. तेल बदलताना ते गटारात सोडू नये. एक तर जमीन नासते, आणि दुसरे म्हणजे आपण पत्र न वाचताच फाडून टाकतो. तेल पांढऱ्या पसरट भांड्यात काढावे आणि उन्हात तिरपे धरावे. जुने तेल काळे असणारच, डिझेलचे तर पहिल्याच दिवशी काळे होते, त्याला भिऊ नये. पाहायचे ते चमचम आहे का. मग फिल्टर कापून त्याच्या कागदी घड्या उलगडाव्यात आणि फडक्यात पिळाव्यात. लोहचुंबक फिरवावा. जे चिकटते ते लोखंड, म्हणजे रिंगा, सिलिंडर, दाते यांची झीज. जे चिकटत नाही आणि पिवळसर-तांबूस चमकते ते तांबे, म्हणजे शेलचा वरचा मुलामा संपून मधला थर उघडा पडल्याचे लक्षण. रुपेरी आणि न चिकटणारे ॲल्युमिनियम पिस्टनचेही असू शकते आणि नव्या तऱ्हेच्या शेलचेही. चिमूटभर दिसले तर पुढच्या तेलाची मुदत अर्ध्यावर आणून पुन्हा पाहावे. चमचाभर दिसले तर गाडी हलवू नये.

डोळ्याला न दिसणारे कण पाहण्याची युक्तीही आगगाडीनेच दिली. १९४०च्या दशकात अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी डिझेल इंजिनाच्या तेलाचा थेंब जाळून त्याच्या प्रकाशावरून त्यातले धातू मोजायला आरंभ केला. आपल्याकडील रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही ही पद्धत रुजली. घोरपडीच्या शेडमध्ये काम केलेल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा, तो सांगेल. दहा लाख भागांत शिसे किती, तांबे किती, कथील किती, असा अहवाल येतो. शिसे आणि तांबे चढू लागले तर बेअरिंग, सिलिकॉन चढले तर धूळ, सोडियम चढले तर रेडिएटरचे पाणी तेलात उतरण्याची शंका. एका अहवालावरून काही ठरत नाही. ओळीने तीन-चार अहवाल हवेत. आता अशा प्रयोगशाळा खाजगी गाड्यांचेही नमुने घेतात.

हा खर्च सर्वांत आवडीने कोण करतो? शर्यतीच्या घाटणीच्या गाड्यांचे मालक. रविवारी भीमाशंकर किंवा माळशेजकडे निघालेल्या त्या बसक्या, गुरगुरणाऱ्या गाड्या आपल्या हमरस्त्यावरून जातात, तेव्हा पोरे धावत बघायला येतात. त्यांच्या पोटातही हेच शेल आहेत, फक्त त्यांचा जाच निराळा. विहिरीवरचे पाच घोड्यांचे किर्लोस्कर इंजिन घ्या : पिस्टनची धाव ११० मिलिमीटर, फेऱ्या मिनिटाला १५००. त्याच्या शेजारी बीएमडब्ल्यूची २०००च्या सुमाराची एम-३ गाडी ठेवा : धाव ९१ मिलिमीटर, फेऱ्या ८०००पर्यंत. फेऱ्या दुप्पट झाल्या की पिस्टनचा झटका चौपट होतो. या हिशेबाने सारख्या वजनामागे त्या गाडीच्या रॉडवरचा झटका आपल्या विहिरीवरच्या इंजिनाच्या वीसपटीहून अधिक भरतो, आणि तो सारा त्या मऊ मुलाम्यावर येतो. या एम-३ गाडीच्या आरंभीच्या काही इंजिनांत कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे अकाली गेली, आणि कंपनीला गाड्या बोलावून बेअरिंगे बदलून द्यावी लागली. तेव्हापासून जाणते मालक ठोक्याची वाट पाहत नाहीत. तेल प्रयोगशाळेत पाठवितात, शिशाचा आकडा चढला की शेल काढून पाहतात. अशा गाडीला आणखी एक धोका असतो. लांब वळणावर जोरात घेतली की सम्पमधले तेल एका बाजूला चढते, पंपाच्या तोंडाशी हवा येते, आणि क्षणभर काटा पडतो. वळणावर काटा पडून सरळ रस्त्यावर पुन्हा वर येणे ही तेथे फार मोलाची खूण आहे. तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत आहे का, हे आधी पाहावे. आणि इंजिन थंड असताना फेऱ्या चढवून चौकात आवाज ऐकविण्याची हौस बंद करावी.

आता आवाजाकडे येऊ. आवाज उशिरा येतो हे खरे, पण सुरुवातीचा आवाज ओळखला तर शाफ्ट वाचू शकतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताच दोन-तीन सेकंद खडखड होऊन थांबते का, हे ऐकावे. तेल पोहोचेपर्यंत वाढलेली फट वाजते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर हे ऐकल्यावाचून पैसे देऊ नयेत. विकणारा आधीच इंजिन गरम करून ठेवतो, म्हणून गेल्याबरोबर बॉनेटला हात लावून पाहावा. घट्ट तेल ओतून आवाज दाबण्याचीही रीत आहे. त्याने काटा थोडे दिवस वर राहतो, दुखणे तसेच राहते.

बिगएंडचा ठोका कोरडा, टणक असतो, आणि मध्यम गतीत ॲक्सिलरेटर सोडता क्षणी किंवा हलका धरल्यावर स्पष्ट येतो. मेन बेअरिंगचा ठोका खोल, जड असतो, चढावर भार पडला की पायाखाली जाणवतो. पिस्टनचाही आवाज असतो, पण तो थंडीत मोठा आणि तापल्यावर कमी होतो. बेअरिंगचे उलटे, तेल तापून पातळ झाले की ते बोलके होते. पेट्रोल इंजिनात जाणत्या मिस्त्रीने एकेका सिलिंडरचा प्लग बंद करून पाहावे. ज्याचा बंद करताच ठोका मऊ पडतो त्याचे बिगएंड. जुन्या डिझेलमध्ये हेच काम नोझलची नळी सैल करून होई. नव्या कॉमन रेल इंजिनात हे मुळीच करू नये. त्या नळीतला दाब हजार किलोच्या वर जातो, आणि फवारा कातडी फोडून हातात घुसतो. अशा वेळी लांब लाकडी दांडा ब्लॉकला टेकवून कानाशी धरावा, तो निरुपद्रवी आहे.

झीज होते कशाने, हे आपल्या भागापुरते सांगतो. पहिले कारण धूळ. उन्हाळ्यात बांधाबांधाने फिरणारा ट्रॅक्टर आणि कच्च्या रस्त्याने बटाट्याच्या गोणी काढणारी पिकअप किती माती गिळते, हे एअर फिल्टर झटकणाऱ्या पोराला विचारावे. फिल्टरनंतरचा रबरी पाइप चिरला असेल तर नवा फिल्टरही कुचकामाचा. दुसरे, ऊस भरलेल्या ट्रॉल्या मोठ्या गिअरमध्ये रेटणे : फेऱ्या कमी, भार अतोनात, म्हणजे तेलाचा थर नेमका पातळ असताना त्याच्यावर सर्वांत मोठे ओझे. ‘डिझेल वाचते’ म्हणून मालकच असे चालवायला सांगतात. तिसरे, तेलाची मुदत ओलांडणे. यांपैकी किती गोष्टी चाकामागे बसलेल्या माणसाच्या हातात असतात, हे प्रत्येकाने ठरवावे.

मघाशी म्हटलेला पुरावा तो येथे. तेलाविना गेलेल्या बेअरिंगचा मुलामा वितळून पुसला गेलेला असतो, शाफ्टवर निळी झाक येते, आणि बहुधा एकाहून अधिक बेअरिंगांची तीच दशा असते. हे काही मिनिटांचे काम. धुळीने गेलेल्यावर शाफ्ट फिरतो त्या दिशेने बारीक रेघा असतात आणि त्यांत कण रुतलेले दिसतात. हे महिन्यांचे काम. भाराने थकलेल्याचा थर आटलेल्या तळ्याच्या गाळासारखा भेगाळतो आणि खपल्या निघतात, हेही महिन्यांचे. एकाच कडेला झीज, किंवा शेलच्या पाठीमागे दबलेला कचरा, हा बसविणाऱ्याचा दोष.

कांद्याने भरलेली एक मालमोटार रात्री घाटात बसली. मालकाचे म्हणणे, ड्रायव्हरने दिवा पेटूनही गाडी रेटली, सबब त्याच्या पगारातून हप्त्याने वसुली. आम्ही शेल मागितले. एक बिगएंड वितळले होते हे खरे, पण उरलेल्या सर्वांवर रेघाच रेघा होत्या, तांबे उघडे पडले होते, आणि एअर फिल्टरमागचा पाइप फाटलेला निघाला. ड्रायव्हरने गरम असताना प्रेशर उतरते अशी नोंद दोनदा केली होती. वसुली मागे घेतली गेली. दुसऱ्या एका प्रकरणात शेल साफ होते, रेघ नाही, आणि सारेच निळे पडून पुसले गेले होते. सम्पचा बोल्ट सैल होऊन तेल सांडले आणि ड्रायव्हर दिव्याकडे पाहून पुढे वीस मैल गेला. त्याला मी तोंडावर सांगितले की, यात संघटना तुझी बाजू खरी म्हणून मांडणार नाही. कापणी किती आणि कशी, एवढ्यापुरतेच बोलेल. शेल दोन्हीकडून खरे बोलतो म्हणून तर त्याची साक्ष चालते. नुकसान कामगाराच्या निष्काळजीपणामुळे वा कसुरीमुळे झालेले असले पाहिजे आणि कपातीपूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, ही अट १९३६च्या वेतन अदायगी कायद्यात होती आणि २०१९च्या वेतनसंहितेतही आहे. पण शेल भंगारात गेला असेल तर बाजू मांडायची कशाच्या आधारे?

तेव्हा ठोका आलाच तर इंजिन तेथेच बंद करावे. ‘हळूहळू गॅरेजपर्यंत नेतो’ या दोन मैलांत शाफ्ट जातो, कधी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. गाडी ओढून न्यावी. तेल बाटलीत भरून तारीख लिहावी. प्रत्येक शेलच्या पाठीवर सिलिंडरचा नंबर आणि वरचा की खालचा, हे रंगाने लिहून ठेवावे. एकदा डब्यात मिसळले की ते निरुपयोगी. इंजिन उघडताना मालक, ड्रायव्हर आणि मिस्त्री तिघेही हजर असावेत आणि फोटो पुसण्याआधी काढावेत.